काल्याच्या दिवशीचं सोयर

फोन ठेवल्यावर बेबीबाईंनी पदर तोंडाला लावला, चहूकडे पाहिलं, आणि ऐकलेली गोष्ट गुळाचा खडा गिळावा तशी गिळून टाकली.

नात झाली होती. शहाद्याच्या दवाखान्यात, आत्ताच. धाकट्या सुनेचे, तेजलचे, दिवस अजून भरायचे होते. सप्ताह आटोपेल, पाहुणे मार्गी लागतील, मग निवांत बाळंतपण, असं घरादाराने ठरवून ठेवलं होतं. बाळाला मात्र कोणी विचारलं नव्हतं. ते आलं नेमकं काल्याच्या दिवशी सकाळी, जेव्हा अख्खं म्हसावद मंडपात बसलं होतं, सुरतेच्या भाविकांच्या लक्झरी गाड्या पपईच्या शेतालगत उभ्या होत्या, आणि दोन कॅमेरे रिकाम्या व्यासपीठाकडे तोंड करून भिला महाराज म्हसावदकरांची वाट पाहत होते.

बेबीबाईंना नाचावंसं वाटत होतं. पण सोयर!

घरात मूल जन्मलं की भाऊबंदांना दहा दिवस सोयर. देवाला शिवायचं नाही, वीणेला तर नाहीच नाही. यातली एक मेख मात्र बेबीबाईंना पक्की ठाऊक होती, कारण ती त्यांनी नवऱ्याच्या, म्हणजे भिला महाराजांच्याच, कीर्तनात ऐकली होती: बातमी कानावर पडत नाही तोवर सोयर लागत नाही. म्हणजे या घटकेला अख्ख्या खानदानात सोयर लागलं होतं ते एकट्या बेबीबाईंना. त्यांनी काल्याच्या दह्यातून हळूच हात काढून घेतला.

"काय वं माय, दही सोडीसन कोठे चालनी?" रुपाने विचारलं. ती शेजारी पाटावर बसून काल्यासाठी पपईच्या फोडी करत होती. खापरला दिलेली ही लेक सप्ताहाला दरवर्षी येई, यायची ती कामालाच जुंपली जायची.

"पाठ दुखी ऱ्हायनी."

"पाठ दुखस आनि दात दिसतस?"

बेबीबाईंनी ओठ मिटले. डोळे मिटायचे राहिले. रुपाने सुरी खाली ठेवली.

"तेजल मोकळी व्हयनी?"

"मी काहीच बोलनी नही!"

"पोऱ्या का पोर?"

बेबीबाईंनी क्षणभर विचार केला आणि त्यांचा चेहरा उजळला. "तुले सांगाले काय हरकत शे? तू परकी शेस ना! तुले कोठे सोयर लागस?" त्या लेकीच्या कानाशी झुकल्या. "पोर शे वं. नाक आपला तात्यानं. काला व्हई जाऊ दे, मंग सांगसु सर्वास्ले. तव्हलोंग तू बी गप."

रुपा हसली. भाचीच्या आनंदाने तिचं मन भरून आलं, पण त्या भरलेल्या मनात 'परकी' हा शब्द पपईच्या बीसारखा तरंगत राहिला. आईने तो किती मायेने म्हटला होता! रागाने म्हटला असता तर उत्तर तरी देता आलं असतं.

आज काल्याचं कीर्तन झालं की तात्या, म्हणजेच भिला महाराज, गवसणी देणार होते. त्यासाठीच तर या खेपेला एवढी गर्दी.

वीणा सप्ताहात पहाऱ्याप्रमाणे, पाळीपाळीने, गळ्यागळ्यांतून फिरे. गवसणी तशी नव्हती. वीणेवर घालायची ती लाल मखमली खोळ, तात्यांच्या आईने हिरव्या दोऱ्याने कड शिवलेली. ती ज्याच्या हातात, त्याची वीणा, त्याची गादी, आणि नवापूरपासून सुरतेपर्यंत ज्या नावापुढे माणसं चपला काढतात ते 'म्हसावदकर' हे नावही त्याचंच. थोरल्या मुलाला, हेमकांतला ती हवी होती, धाकट्या नवनीतला हवी होती. आणि रुपालाही हवी होती. खापरच्या बायकांच्या भजनी मंडळात ती उभी राहिली की बाजारातली माणसं पिशव्या खाली ठेवत. पण तिला काही हवं असेल, हे या घरात कोणाच्या मनातच आलं नव्हतं. तिने एकदा, परवाच, जेवताना विषय काढून पाहिला होता. तात्या वरण-बट्टीचा घास मोडत म्हणाले होते, "आपला घरनी वीणा परका गळामा जात नही, बेटा." आणि तूप वाढायला सांगितलं होतं.

---

मंडपात हेमकांतचे पाय भरून आले होते.

काकड्यापासून वीणा त्याच्या गळ्यात होती. वीणा गळ्यात आहे तोवर बसायचं नाही, आणि दुसऱ्याने घेतल्याशिवाय उतरवायची नाही. अखंड नाम, अखंड वीणा. तिचा तुंबा जमिनीला टेकला तर सप्ताह बुडाला. त्याच्यानंतरचा पहारा नवनीतचा. पण नवनीत पहाटेच "तेजलना पोटमा दुखस" म्हणून गाडी घेऊन गेला, आणि हेमकांतने दुसऱ्या कोणाला बोलावलं नाही. काल्याच्या वेळी वीणा ज्याच्या गळ्यात, त्याच्याकडे तात्यांची नजर आधी जाणार, असा त्याचा साधा हिशेब होता. पंधरा वर्षं फलकांवर 'युवा कीर्तनकार' म्हणून छापून येणाऱ्या माणसाला पायाची कळ सोसावीच लागते.

"हेमकांतभाऊ, पाय का हलवी ऱ्हायनात? नाचाना इचार शे का?" मृदंगाच्या शाईवर हात फिरवत वाहरूने विचारलं. वाहरू म्हणजे तात्यांचा जुना साथीदार. त्याला या घराचं सगळं माहीत होतं आणि त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचं हसू येत होतं.

"वाहरूदादा, ध्वनिक्षेपक सुरू आहे. कृपया शुद्ध बोलावे," हेमकांत पुटपुटला. माइकजवळ आला की तो पाठ्यपुस्तकासारखं बोले. त्याच्या उपरण्याला चिमटीएवढा माइक लावलेला होता.

तेवढ्यात मंडपात पहिला फोन वाजला. मग दुसरा. मग बायकांच्या बाजूला एकदम हशा उसळला.

नवनीतला बातमी पोटात ठेवता येत नसे. त्याच्या अहिराणी गाण्यांचे व्हिडिओ लाखो लोक पाहत, आणि त्या लाखोंना विचारल्याशिवाय तो चहादेखील पीत नसे. दवाखान्याच्या पायऱ्यांवरूनच तो थेट प्रक्षेपणात आला होता. बाकीच्या घरच्यांच्या आधी गावाला कळलं, गावाच्या आधी सुरतेला.

पहिल्या ओळीत बसलेले रेवजीबाबा काठी टेकत उठले. तात्यांचे हे धाकटे भाऊ. त्यांनी नातवाच्या हातून फोन घेतला, आवाज पुरता वाढवला आणि थेट हेमकांतच्या उपरण्याला टेकवला. चारही भोंग्यांतून नवनीत गरजला:

"मित्रहो, मन्हा घर लक्ष्मी उनी! भिला महाराजनी नात! वीणानी नवी वारस!"

"मी काही ऐकलं नाही!" हेमकांत ओरडला. भोंग्यांतून तेही गावाला ऐकू गेलं.

"तू नही आयकं?" रेवजीबाबा गोड हसले. "तुन्हा बापनी बी नव्हतं आयकं. पन त्याना कानमा कापूस व्हता. तुन्हा कानमा काय शे, दखू दे."

मंडपातली म्हातारी माणसं गुडघ्यांवर थापा मारून हसू लागली. गोष्ट जुनी होती, पण म्हसावद विसरलं नव्हतं. दोघे भाऊ तरणे असताना असाच सप्ताह होता, रेवजीच्या गळ्यात वीणा होती, वडील गादी देणार होते, आणि त्याच दिवशी रेवजीला मुलगा झाला. भर मंडपात बातमी आली. वीणा गळ्यातून गेली. भाऊ म्हणून सोयर भिलालाही लागायला हवं होतं. पण भिला त्या वेळी मळ्यात कानात कापसाचे बोळे घालून झोपला होता. त्याने काही ऐकलंच नव्हतं! वीणा त्याच्या गळ्यात पडली ती पडलीच. तेव्हापासून रेवजीबाबा दरवर्षी पहिल्या ओळीत बसत. कीर्तन ऐकत, टाळ वाजवत, आणि वाट पाहत.

---

भिलातात्या फेटा बांधून, चिपळ्या घेऊन मंडपाच्या मागच्या दारातून आत आले तेव्हा त्यांना वाटलं, लोक आपल्याला पाहून उभे राहिले.

"भिलाभाऊ, आजोबा व्हयना तू. पोर शे," रेवजीबाबांनी स्पष्ट, मोठ्या आवाजात सांगितलं. "आयकं ना? का परत सांगू?"

तात्यांचा चेहरा फुलला. मग पडला. मग पुन्हा फुलला, कारण नात ती नातच. त्यांनी हातातल्या चिपळ्यांकडे पाहिलं आणि विंचू दिसावा तशा त्या वाहरूपुढे ठेवून दिल्या.

"तात्या, प्रथम माझ्या गळ्यातील वीणेचे पाहा," हेमकांत म्हणाला. मग पायात गोळा आला आणि शुद्ध भाषा गळून पडली. "मन्हा पाय चालना तात्या! कोनी तरी ल्या हाई!"

"पहाऱ्यामा आखो कोन शे?"

कोण असणार? या खेपेला दोघा भावांनी चढाओढीने आपापल्या बाजूची माणसं पहाऱ्याला लावली होती. हेमकांतने तीन चुलतभाऊ घातले म्हणून नवनीतने चार पुतणे घातले. गवसणीच्या वेळी वीणा आपल्याच माणसाच्या गळ्यात असावी एवढाच दोघांचा विचार. परिणामी अख्खा पहारा एका कुळाचा, आणि अख्ख्या कुळाला या घटकेला सोयर. चुलतभाऊ, पुतणे मंडपाच्या कडेला हात मागे बांधून उभे राहिले.

"वाहरू, तू ले," तात्या म्हणाले.

"मी वीणा लिसु, मंग मृदंग का तुम्हना रेवजीभाऊ वाजाडी?" वाहरू म्हणाला. "आनि तात्या, तुम्हीच ते म्हणतस, आपला घरनी वीणा परका गळामा जात नही."

"मंग घरनं पाहिजे," तात्या स्वतःशीच म्हणाले, "आनि सोयर बी नको."

"असं मानूस भेटनं ते माले बी दाखाडज्यो," रेवजीबाबा खाली बसत म्हणाले. इतका रंगलेला काला त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

बायकांच्या बाजूला बेबीबाईंनी रुपाच्या दंडाला चिमटा काढला. "जाय ना वं."

"कोठे?"

"तठे! तुले सोयर नही. मी सकायलेच सांगं ना तुले."

रुपा उठली. हाताला पपईचा रस होता, तो तिने पदराला पुसला. व्यासपीठाच्या पायरीशी येऊन ती थांबली.

"तात्या, मी लेस वीणा. पन आधी माले एक सांगा." हेमकांतच्या माइकने तिचा आवाजही उचलला आणि तो पपईच्या शेतांपर्यंत गेला. "मी घरनी शे का परकी?"

"आते हाई कसाले काढस बेटा?"

"आतेच काढाले पाहिजे. परकी असनू ते माले सोयर नही, पन मंग वीणा परका गळामा जास. घरनी असनू ते वीणा मन्हा गळामा शोभी, पन मंग गवसणीना टायमाले मन्हं नाव कसं काय कोनी लेत नही? परवा तूप वाढताना परकी, आनि आज गरज पडनी ते घरनी. एक काय ते ठरावा."

वाहरूचा हात मृदंगावर तसाच थांबला.

हेमकांतच्या मनात मात्र चक्रं फिरत होती. रुपाला वीणा दिली तर ती खापरला निघून जाईल, दहा दिवसांनी वीणा परत येईल. नवनीतच्या हातात जाण्यापेक्षा हे बरं. "घरची आहे रुपा!" तो म्हणाला. "नक्कीच घरची."

"काल तर तू सुरतवालास्ले सांगे, 'आम्ही दोन भाऊ, वारस दोनच'," वाहरूने आठवण दिली.

"वाहरूदादा, तुम्ही मृदंगाकडे पाहा."

रेवजीबाबांच्या नातवाच्या फोनवर नवनीत अजून थेट होता. आता तो खोलीत आला होता. एका हातात फोन, दुसऱ्या हातात फडक्यात गुंडाळलेलं लाल लाल काहीतरी. मागे खाटेवर तेजल डोळे मिटून पडली होती. नातवाने आपलाही कॅमेरा त्या प्रक्षेपणात जोडला होता, त्यामुळे मंडपातला सगळा प्रकार नवनीतला दिसत होता.

"ताई, वीणा मन्हा पहारामा व्हती!" तो फोनमधून म्हणाला. "मी येस. दहा दिवस थांबा."

"दहा दिवस हेमकांतदादाले उभा ठेवशी?" रुपाने फोनकडे तोंड केलं. "नवनीत, तुन्हा हातमा कोन शे रे?"

नवनीतचा आवाज मऊ पडला. "दख ना ताई. आपली शे. डोया उघाडी ऱ्हायनी."

"घरनी शे का परकी?"

"काय बोलस! मन्ही शे ती."

"आनि लगन व्हई जाई तव्हय?"

गेल्या कित्येक वर्षांत नवनीत थेट प्रक्षेपणात गप्प बसल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. त्याने हातातल्या जिवाकडे पाहिलं. त्या जिवाने जांभई दिली.

"तरी बी मन्हीच," तो म्हणाला.

"मंग मी कोननी?"

पडद्यावर नवनीतने मनगटाने नाक पुसलं. "तात्या," तो म्हणाला, "ताईले द्या."

तात्या व्यासपीठाच्या कडेला टेकले होते. साऱ्या खानदेशाला त्यांनी हसवलं होतं, रडवलं होतं. लेकीच्या पाठवणीचा प्रसंग ते सांगत तेव्हा मंडपात डोळा कोरडा राहत नसे. आणि त्यांची स्वतःची लेक पपईचा रस पदराला पुसत पायरीशी उभी राहिलेली त्यांना आज दिसली. ते फेट्याचं टोक बोटांत फिरवत राहिले.

"शास्त्र चुकेल नही," शेवटी ते हळू आवाजात म्हणाले. "शास्त्रनी लेकले सोयरमाईन मोकळं करं, इतलंच. घरमाईन मोकळं कर, असं शास्त्रनी कोठेच म्हणेल नही. ते आम्हीच जोडी लिधं." त्यांनी मान वर केली. "घरनी शेस तू रुपा. आनि सोयर बी नही तुले. वर ये."

"आनि कीर्तन?" रुपाने विचारलं. "तुम्हले बी सोयर लागनं तात्या."

तात्या इतक्या जोरात हसले की फेटा सरकला. "मी ते ध्यानमाच नही लिधं! कर मंग. खापरमा करस ना? आठे बी तोच देव शे."

वीणा हेमकांतच्या गळ्यातून रुपाच्या गळ्यात गेली, वाहरूने मधे हात धरून, कुठे टेकू न देता. हेमकांत मटकन खाली बसला. त्या बसण्याचा आवाजही भोंग्यांतून गावाला ऐकू गेला, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

---

रुपाचं कीर्तन लोकांना आवडलं की नाही हे सांगायला नको. सुरतेची मंडळी गाड्या सुटायची वेळ झाली तरी उठेनात. आवाज तिला तात्यांचाच होता, फक्त तात्या जिथे गर्जना करत तिथे ती थांबून हसे. तिने कन्हैयाचा काला सांगितला. गोपाळांनी आपापल्या शिदोऱ्या सोडल्या, कोणाची भाकर जाड, कोणाची पातळ, कोणाची मिरची इतकी तिखट की देवालाच ठसका लागला. सगळं एका भांड्यात कालवलं. "मंग पेंद्या म्हणे, देवा, मन्ही भाकर कोनती?" वीणेच्या तारेवर बोट ठेवून तिने दोघा भावांच्या बाजूला पाहिलं, एक खाली बसलेला, एक फोनमध्ये. "देव म्हणे, काला व्हई गया रे गड्या. आते भाकर शोधू नको, हात पुढे कर."

सगळ्यात आधी हात पुढे केला तो रेवजीबाबांनी. काला त्यांच्या तळहातावर पडला तेव्हा त्यांनी शेजारी बसलेल्या भावाकडे पाहिलं. आज दोघेही एकाच ओळीत, सोयरातले.

"आयकं का रे नीट?" रेवजीबाबांनी विचारलं.

"आयकं," तात्या म्हणाले. त्यांनी दोन्ही कान चिमटीत धरून दाखवले. "आज कापूस नही."

रेवजीबाबांनी आपल्या हातावरच्या काल्यातला अर्धा भावाच्या हातावर ठेवला.

हंडी फुटली, पंगती बसल्या, वरण-बट्टीचा वास पपईच्या शेतांवर पसरला. रुपा वीणा गळ्यात घेऊन तात्यांपुढे आली.

"आते हाई कोठे ठेवू? देव्हाऱ्याले तुम्ही कोनी हात लावाव नही."

"दहा दिवस तुन्हाकडे राहू दे," हेमकांत घाईघाईने म्हणाला. आता माइक काढलेला होता. "बारसाले येशी तव्हय लई ये."

"येसु ना. बारसाले मी फुई. पोरना कानमा नाव मीच सांगसु," रुपा आत्याच्या तोऱ्यात म्हणाली. "आनि फुईले जे मागी ते देनं पडस, दादा. तुले माहीतच शे."

हेमकांत खाली वाकून पाय चोळू लागला.

तात्यांनी मागे वळून खुंटीकडे पाहिलं. तिथे लाल मखमली गवसणी लटकत होती, हिरव्या दोऱ्याची कड थोडी उसवलेली. तिला हात लावायची त्यांना सोय नव्हती.

"वाहरू," ते म्हणाले, "ती काढ. रुपाले दे."

बेबीबाईंचा पदर पुन्हा तोंडाशी गेला. वाहरूने गवसणी काढली, झटकली, आणि रुपाच्या हातात ठेवली.

"तात्या," रुपाने उसवलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "दहा दिवसकरता...?"

"कड उसवेल शे," तात्या म्हणाले. "मन्ही मायना टाका तुलेच जमस. शिवी ले निवांत. घाई नही."

मग ते उठले, फोन कानाशी धरला आणि नातीला, जिला अजून नाव नव्हतं, मोठ्याने रामकृष्ण हरी म्हणाले.